ठेक्याआधी निघणारं पाऊल

शेगावच्या गजानन महाराज संस्थानची पालखी दर आषाढीला पायी पंढरपूरला जाते. बरोबर सुमारे सातशे वारकरी असतात आणि चाल महिनाभराहून अधिक. दिवसभर तापल्या डांबरावर चालून मुक्कामी टेकलेली ही माणसं मृदंगावर थाप पडली की पुन्हा पावलीला उभी राहतात. बघणाऱ्याला वाटतं, आता तरी पायांना विसावा द्यावा. शरीराचा हिशेब मात्र इतका सरळ नाही.

पावली जवळून बघा. टाळाची दोरी बोटांना गुंडाळलेली, समोरासमोर दोन रांगा, एक पाऊल पुढं, एक मागं. अभंग संथ सुरू होतो, मग लय चढत जाते. रांगेतला कुणीही टाळ ऐकून मग पाय उचलत नाही. आवाज कानी पडल्यावर स्नायू हलायला सेकंदाचा साधारण पाचवा-सहावा भाग जातो; तसं केलं तर प्रत्येक पाऊल मागं राहील. ते ठेक्यावर पडतं, कारण पुढचा ठोका कधी येणार हे मेंदूनं आधीच ताडलेलं असतं. त्यात लहान मेंदूचा आणि खोलवरच्या बेसल गँग्लिया या पेशीपुंजांचा मोठा वाटा असतो. ही जाण जन्मापासूनची दिसते. 2009 मध्ये हंगेरीत दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ताल ऐकवला आणि मधूनच समेचा ठोका गाळला, तर त्यांच्या मेंदूलहरींनी ती चूक टिपली!

आता थकव्याचा मुद्दा. ब्रॉनविन टार, रॉबिन डनबार या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांना गटागटानं नाचवलं. काही गटांत सगळ्यांच्या हालचाली एकाच वेळी सारख्या, काहींत ज्याच्या त्याच्या वेगळ्या. आधी आणि नंतर दंडाला रक्तदाबाची पट्टी आवळून कळ कुठवर सोसते ते मोजलं. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : दमवणाऱ्या हालचालींनी सोसण्याची ताकद वाढली आणि एकतालानं, दमणं बाजूला ठेवूनही, वेगळी वाढली. गटातल्यांविषयीची जवळीकही वाढली. यामागं एंडॉर्फिन ही शरीरातलीच वेदनाशामकं असावीत, असा संशोधकांचा कयास आहे. एखाद्या टाळकऱ्याच्या दंडाला मुक्कामी ती पट्टी बांधून बघावी, असं मला फार वाटतं.

होळीला लोणार-मेहकरकडच्या बंजारा तांड्यांवर डफावर लेंगी हा होळीचा गाण्या-नाचाचा प्रकार रंगतो, तिथंही हाच एकताल असतो. वरातीतल्या डीजेपुढंही असतो, फक्त तिथं कानांचा बळी जातो.

म्हातारपणी नाचाच्या फायद्याबाबत मात्र जपून बोलावं. न्यूयॉर्कमधल्या पंच्याहत्तरीपुढच्या 469 जणांचा अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. चालणं, पोहणं, सायकल अशा अकरा शारीरिक सवयींपैकी स्मृतिभ्रंशाच्या कमी धोक्याशी नातं दिसलं ते एकट्या नाचाचं. पण ज्यांचा मेंदू शाबूत तेच नाचायला जात असतील, ही शंका उरतेच. नाच म्हणजे औषध, असं सांगत फिरणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावी.

ब्राझीलच्या प्रयोगातला एक तपशील मला त्याहून मोलाचा वाटतो. कमी दमवणाऱ्या हालचालींचे गट बसूनच होते, नुसते हात हलवत. एकतालाचा फायदा त्यांनाही झाला. तेव्हा गुडघे गेलेल्या आजीनं भजनाला भिंतीशी टेकून टाळी धरली, तरी पावलीतला एक वाटा तिचाही.