जुन्या मॉलमध्ये सुपरमार्केट येतंय? गाळा घेण्याआधी हे बघा

"मॉलचं नूतनीकरण होतंय, सुपरमार्केट येतंय, गाळा आत्ताच बुक करा," असं एजंट म्हणतो. डिपॉझिट भरण्याआधी जरा थांबा.

अमेरिकेत मिनियापोलिसजवळच्या उपनगरातला साउथडेल मॉल १९५६ सालचा. तिथलं जेसीपेनी हे मोठं दुकान बंद झालं आणि २०१९ मध्ये त्या जागी लाइफ टाइमची जिम आली. का? कपडे माणूस कधीतरी घेतो, जिमला आठवड्यातून अनेकदा येतो. सुपरमार्केटचंही तसंच, किराणा, भाजी लागतेच.

पण ही गर्दी तुमच्या गाळ्यासमोरून जाणार का? नवा नकाशा मागा. सुपरमार्केटचं दार थेट पार्किंगमध्ये उघडत असेल, तर गिऱ्हाईक पिशव्या भरून परस्पर घरी!

सुपरमार्केट जे विकतं, ते तुम्ही विकू नका. कपड्यांचं ऑल्टरेशन, मोबाईल दुरुस्ती, चष्मे असं काहीतरी निवडा.

आणि करारात दोन गोष्टी लिहून घ्या: काम संपेपर्यंत भाडं कमी, आणि सुपरमार्केट गेलं, तर भाडं कमी किंवा गाळा सोडायची मुभा. तोंडी शब्दावर घरची पुंजी लावू नका.