पहिली पंगत कोणाची?

गेल्या गणेशोत्सवात आमच्या इंदूरच्या मंडळाने एक नवीन गोष्ट केली. ज्यांना आता सभागृहाचे जिने चढवत नाहीत, अशा आजी-आजोबांना घरबसल्या व्याख्यानमाला ऐकता यावी, शेवटी प्रश्नही विचारता यावेत, म्हणून व्हिडिओ कॉल लावायचं ठरलं. "तू कॉम्प्युटरवाला ना, मग तूच बघ," असं म्हणत काम माझ्या गळ्यात पडलं.

व्याख्यान सहाचं. माझी आजी पाचलाच ठेवणीतली साडी नेसून फोनसमोर बसली. सातला तिने प्रश्न विचारला, पण सभागृहात पोचेपर्यंत त्यातलं "...ला काय... म्हणता?" एवढंच उरलं होतं. लोक हसले. मनात काही नव्हतं कोणाच्या, पण दुसऱ्या दिवशी आजी म्हणाली, "तुम्ही ऐका. मला नको."

कार्यकारिणीत सूचना आली, मोठा प्लॅन घ्या. मी दोन दिवस मागून घेतले. आमच्या लाइनवर बाहेर पाठवायचा वेग १० एमबीपीएस. त्यावर तिघांचा हक्क : हा कॉल साधारण ३, सहा सीसीटीव्ही कॅमेरे मिळून ६, आणि वाचनालयातल्या काकांचं स्कॅनिंग. मंडळाचे जुने हस्तलिखित अंक ते रोज संध्याकाळी स्कॅन करून चढवतात. फाइल चढवणं हे काम असं, की जेवढी जागा मिळेल तेवढी खातं. लाइन २० ची केली असती तरी ती भरलीच असती.

खरा घोटाळा वेगाचा नव्हता, रांगेचा होता. १५०० बाइटचं एक पॅकेट १० एमबीपीएसच्या लाइनवरून जायला १.२ मिलिसेकंद लागतात. कॉलच्या आवाजाच्या पॅकेटपुढे फाइलची अडीचशे पॅकेटं उभी असली, तर ३०० मिलिसेकंद नुसते उभं राहण्यात जातात. बोलणं सहज वाटायला एका बाजूचा उशीर दीडशेच्या आत लागतो.

आमचा स्विच, म्हणजे कपाटावरचा तो चोवीस भोकांचा डबा, प्रत्येक पोर्टावर आठ रांगा ठेवू शकतो. कोणत्या पोर्टावरून आलेलं पॅकेट कोणत्या रांगेत घालायचं, हे ० ते ७ या प्राधान्याने ठरतं. (गंमत म्हणजे या क्रमवारीत १ चा मान ० पेक्षाही खाली आहे. का, ते विचारू नका, समितीने ठरवलं.) मी लॅपटॉपचा आणि कॅमेऱ्यांचा पोर्ट वरच्या रांगांत टाकला. कॅमेरे का? तर "सुरक्षा आधी," असं एक ज्येष्ठ सभासद ठासून म्हणाले होते. पद्धत निवडली स्ट्रिक्ट प्रायॉरिटी : वरची रांग रिकामी होईपर्यंत खालच्या रांगेकडे बघायचंच नाही.

तिसऱ्या दिवशी काहीही फरक नाही! आवाज तसाच तुटका.

रात्री घरी डोकं खाजवताना लक्षात आलं. स्विच ते राउटर ही तार १ जीबीपीएसची. स्विचमध्ये रांग लागतच नव्हती, मग प्राधान्य देणार कोणाला? गर्दी पुढे राउटरमध्ये होत होती आणि तिथे सगळे एकाच रांगेत. पंगतीच्या दारात मी उभा, आणि रेटारेटी आत वाढप्यापाशी. म्हणून राउटरकडे जाणाऱ्या पोर्टाचा वेग मुद्दाम ९ एमबीपीएसवर अडवला. एक एमबीपीएस सोडला, पण रांग माझ्या दारात आली. चौथ्या दिवशी कॉल लख्ख.

पाचव्या दिवशी सकाळी काकांचा फोन. "काल एकही फाइल चढली नाही रे. आमचं काम तेवढं बिनमहत्त्वाचं?"

हिशेब केला आणि ओशाळलो. कॉलचे ३, कॅमेऱ्यांचे ६, झाले ९. पहिल्या पंगतीतून कोणी उठतच नाही म्हटल्यावर काका ताटकळणारच. आणि ज्या अंकांसाठी ते तिथे बसतात, त्यांची पानं हात लावला की तुटतात. कॅमेऱ्यांचं पूर्ण रेकॉर्डिंग तर सभागृहातल्या पेटीत होतंच.

मग फक्त कॉलला स्ट्रिक्ट ठेवलं. कॅमेऱ्यांच्या बाहेर जाणाऱ्या प्रतीची स्पष्टता उतरवली, आणि कॅमेरे व वाचनालय यांना वेटेड राउंड रॉबिनमध्ये बसवलं : कॅमेऱ्यांची तीन पॅकेटं, मग काकांची दोन, पुन्हा तीन, पुन्हा दोन. यात एक खोट आहे. पॅकेटं मोजली की मोठ्या पॅकेटवाल्याचं फावतं. त्यावर बाइट मोजण्याची सोपी रीत १९९५ साली एम. श्रीधर आणि जॉर्ज वर्गीस यांनी मांडली. वर्गीस मुंबईच्या आयआयटीत शिकलेले. आमच्या स्विचमध्ये ती सोय नाही, पण आमची दोन्हीकडची पॅकेटं मोठीच, त्यामुळे निभावलं.

शेवटच्या दिवशी आजीला मी कसंबसं बसवलं. तिने असा लांबलचक प्रश्न विचारला, की अध्यक्षांना घड्याळाकडे बघावं लागलं. एक अक्षर तुटलं नाही.

काकांच्या फाइलीही चढल्या. आता ते भेटले की विचारतात, "माझ्या दोनाचे तीन होतील का रे?"