चांगदेवाचा वाघ गेला कुठे?

लहानपणी कुणाच्या तरी घरी भिंतीवर पाहिलेलं ते चित्र आठवतंय? एका बाजूला जटा वाढवलेले चांगदेव वाघावर स्वार, हातात चाबूक म्हणून चक्क नाग! समोरून एक भिंत चालत येतेय आणि तिच्यावर चार भावंडं अगदी आरामात बसलीयत. त्यातली सगळ्यात धाकटी ती मुक्ता. पुढची स्टोरी आपल्याला पाठ आहे. चौदाशे वर्षं जगलेल्या योग्याचा ताठा उतरतो आणि तो शाळकरी वयाच्या मुक्ताबाईला गुरू करतो. सगळं मान्य. पण मंडळी, त्या वाघाचं पुढे काय झालं? त्याच्याबद्दल कुणीच काही बोलत नाही.

जळगावात राहत असाल, तर उत्तर तुमच्यापासून साठेक किलोमीटरवर आहे. केळीच्या बागेत.

मुक्ताईनगर, म्हणजे पूर्वीचं एदलाबाद. इथूनच जवळ, तापीकाठच्या मेहूणला १२९७ मध्ये मुक्ताबाई विजेच्या कडकडाटात गुप्त झाली, असं वारकरी परंपरा सांगते. दरवर्षी आषाढीला कोथळीहून तिची पालखी निघते आणि महिनाभर चालत पंढरपूरला पोचते. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं जुनं दगडी मंदिर आहे. म्हणजे गुरू आणि शिष्य अजूनही शेजारी-शेजारी! इथल्या माणसाच्या तोंडी मुक्ताबाई आधी ‘आई’ असते, ‘संत’ नंतर.

आणि याच तालुक्यातल्या वढोदा-डोलारखेडा भागात आजच्या काळातही पट्टेरी वाघ आढळलेत. मेळघाट, अंबाबरवा, वढोदा, यावल अशी सातपुड्याच्या कडेकडेने जाणारी ही त्यांची वाट. २०१४ मध्ये सरकारने इथलं सुमारे १२२ चौरस किलोमीटरचं जंगल संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केलं. नाव काय दिलं? ‘मुक्ताई भवानी’! सरकारी फायलींत इतकं नेमकं नाव क्वचितच पडत असेल. ज्या मुक्ताईपुढे वाघावरचा स्वार खाली उतरला, तिच्याच नावावर आता वाघ सांभाळायची जबाबदारी आली.

केळीचं काय, ते ऐका. जळगावची केळी म्हणजे २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालेला माल. मे महिन्यात खानदेश भट्टीसारखा तापतो, जंगलातले नाले आटतात, पानगळ होऊन डोंगर उघडे पडतात. अशा वेळी ठिबकवर वाढलेली केळीची बाग म्हणजे वाघासाठी एसी रूमच की! दाट सावली, ओली जमीन, प्यायला पाणी. रानडुकरंही तिथेच येतात, म्हणजे जेवणाची सोयही जागेवरच. शेतकऱ्याची मात्र पंचाईत. पहाटे लाइट आली की मोटर सुरू करायला त्याच बागेत जावं लागतं.

देवी आणि तिचं जनावर ही जोडी फक्त आपलीच, असं वाटत असेल तर थोडं पश्चिमेला, इराकमध्ये चला. पाचेक हजार वर्षांपूर्वी तिथल्या सुमेर देशात उरुक नावाचं शहर होतं आणि त्या शहराची देवी होती इनान्ना. प्रेमाची आणि युद्धाची, दोन्हींची मालकीण! तिचं जनावर सिंह. अक्कडच्या काळातल्या एका मुद्रेवर ती सिंहाच्या पाठीवर पाय रोवून, लगाम हातात धरून उभी आहे. आपल्या नवरात्राच्या मंडपात सहज खपून जावी. राजा सार्गोनची मुलगी एनहेदुआन्ना ही जगातली नावानिशी माहीत असलेली पहिली साहित्यिक मानली जाते. तिच्या नावावरची स्तोत्रंही याच इनान्नाची. सिंहच नाही, गुला या वैद्यकीच्या देवीजवळ कुत्रा बसलेला असायचा. निन्हुरसागच्या देवळावर गाई दोहणाऱ्या माणसांची पट्टी कोरलेली सापडली, ती पाहून आपल्याला गोठाच आठवतो.

पुढे इनान्नाचीच इश्तार झाली. इ.स.पू. सहाव्या शतकात बॅबिलोनच्या मिरवणूक मार्गावर निळ्या झिलईच्या विटांमध्ये तिचे सिंह ओळीने उभे राहिले. विसाव्या शतकात त्या विटा बर्लिनला गेल्या. आणि खरेखुरे सिंह? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इराकमधून ते संपलेच. देवीचं नाव राहिलं, भिंतीवरचं चित्र राहिलं, जनावर गेलं.

मला चांगदेवाच्या चित्राची धास्ती वाटते ती यामुळेच.

आपल्याकडे अजून तरी तसं झालेलं नाही, आणि त्याचं थोडं श्रेय डोंगरातल्या माणसांना द्यायला हवं. दिवाळीच्या तोंडावर अश्विन वद्य द्वादशीला आपण जळगाव-धुळ्यात वसुबारस करतो, गाय-वासराला ओवाळतो. (आता फ्लॅटमध्ये गाय कुठून आणणार? चांदीची मूर्ती चालवून घेतो!) साक्रीकडच्या पश्चिम पट्ट्यातल्या कोकणा पाड्यांवर त्याच सणाला वाघबारस म्हणतात आणि वाघदेवाला नैवेद्य दाखवतात. तिकडे लाकडी किंवा दगडी वाघदेव दिसतो, वर चंद्र-सूर्य कोरलेले. गुरं राख, आमच्या वाटेला जाऊ नको, असं मागणं. एकाच दिवशी गावात गाय आणि डोंगरात तिला खाणारा! मला यात विसंगती वाटत नाही. गुरं राखणाऱ्या माणसाला दोघांशीही बोलणं चालू ठेवावंच लागतं.

पण नुसत्या नैवेद्यावर वाघ जगत नाही, हेही खरं. ज्याची गाय वाघाने मारली, त्याला भरपाई वेळेत मिळाली नाही तर वाघदेवही आठवत नाही. डुकरांसाठी कुंपणात सोडलेल्या करंटने महाराष्ट्रात वाघ मेलेत. त्यात केळीच्या बागांची मजाच वेगळी, त्या कायम जागच्या जागी नसतात. घड उतरले, बाग तोडली की वाघाचं घर एका आठवड्यात सपाट. मग तो पुढच्या बागेत, म्हणजे पुढच्या गावाच्या आणखी जवळ. वढोद्याच्या जंगलात पाणवठे वाढवणं आणि मेळघाटकडची वाट मोकळी ठेवणं, खरी मेख तिथे आहे. १२२ चौरस किलोमीटर ऐकायला मोठं वाटतं, पण एका वयात आलेल्या नराला ते कधी कधी एकट्यालाच पुरत नाही.

जायचंच असेल तर थंडीत जा. भुसावळ-वरणगाव करत हायवेने मुक्ताईनगर, मुक्ताईचं दर्शन, मग चांगदेवचं मंदिर. संगमाच्या बाजूला हतनूर धरणाचं पाणी पसरलेलं असतं, परदेशी पाहुणे पक्षी भरपूर, तेव्हा दुर्बीण न्या. वाघ बघायला म्हणून मात्र संध्याकाळी केळीच्या बागेत घुसू नका. वन विभागाचे लोक चिडतात. आणि ठिबकच्या नळ्या तुडवल्या गेल्या, तर शेतकरी त्याहून जास्त चिडतो.