जुना छोटा ट्रॅक्टर विकताना

हल्ली वीस-पंचवीस हॉर्सपॉवरचा जुना ट्रॅक्टर दलालाविना मोबाइलवर विकता येतो. भाव ठरविताना त्याच मॉडेलच्या, त्याच सालच्या आठ-दहा जाहिराती पाहाव्यात. मात्र तो मागितलेला भाव असतो, मिळालेला नव्हे. मीटरवरील तास, टायर, क्लच यांची स्थिती खरी लिहावी. तेलाची गळती असल्यास तीही. लपविलेले पहिल्या नांगरटीलाच कळते. इंजिन थंड असतानाच गिऱ्हाइकासमोर चालू करावे.

‘पैसे पाठवतो, पिन टाका’ असे कोणी म्हटल्यास फोन ठेवावा. पैसे घेण्यास पिन लागत नाही.

खरा धोका कागदांत आहे. आर. सी. आपल्या नावावर राहिली आणि नव्या मालकाच्या हातून अपघात झाला, तर भरपाई नोंदलेल्या मालकाकडे मागितली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली तसेच ठरविले. म्हणून नमुना २९ व ३० भरून, राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर १४ दिवसांत आर. टी. ओ.ला कळवावे. बँकेचा बोजा आधी नमुना ३५ ने उतरवावा. बेळगावचा ट्रॅक्टर चंदगडला जाणार असेल, तर नमुना २८ चा ना-हरकत दाखलाही लागतो. ‘नाव मी मागाहून चढवतो’ असे गिऱ्हाईक म्हणाले, तरी कोऱ्या नमुन्यावर सही देऊ नये.