तात्पुरत्या फायली आणि संगणकाची सुरक्षितता

कचेरीतील कोणतेही मोठे काम आधी कच्च्या कागदावर उतरते. बेरजा मांडल्या जातात, मसुद्यात खाडाखोड होते आणि पक्की प्रत दप्तरी दाखल झाली की कच्चा कागद टोपलीत जातो. संगणकाचेही असेच आहे. यादीचा क्रम लावणे, मजकूर छपाईसाठी सिद्ध करणे, नवी आज्ञावली बसविणे अशा कामांत मधल्या टप्प्यावरचा मजकूर एका तात्पुरत्या फाईलमध्ये ठेवला जातो व काम संपताच ती पुसली जाते. वापरणाऱ्याला तिचा पत्ताही नसतो. आज्ञावली लिहिणारेही तिच्याकडे फारसे लक्ष देत नाहीत आणि धोका नेमका तेथेच उत्पन्न होतो.

युनिक्स व तिच्या धर्तीवरील लिनक्स या कार्यप्रणालींत अशा फायलींसाठी ‘टीएमपी’ नावाचे एक सामाईक फोल्डर असते. त्या यंत्रावर खाते असलेल्या प्रत्येकाला तेथे लिहिण्याची मुभा असते. महाविद्यालयाची प्रयोगशाळा असो वा कार्यालयाचा सर्व्हर, अनेकजण एकाच यंत्रावर काम करतात तेथे ही सोय आवश्यकच आहे. दुसऱ्याची फाईल पुसता येऊ नये म्हणून या फोल्डरवर एक विशेष निर्बंध असतो. परंतु रिकाम्या जागी आपली वस्तू आधीच नेऊन ठेवण्यास तो निर्बंध आड येत नाही.

चिठ्ठीची करामत

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेने १९८३ साली प्रसृत केलेल्या ४.२ बीएसडी या युनिक्स आवृत्तीत सांकेतिक दुव्याची सोय आली. हा दुवा म्हणजे एक चिठ्ठीच होय: ‘ही फाईल अमुक ठिकाणी आहे, तेथे जावे.’ आता अशी कल्पना करावी की, एका पॅकेजची उभारणी-आज्ञावली आपली टिपणे नेहमी ‘टीएमपी’मधील एकाच ठरावीक नावाच्या फाईलमध्ये लिहिते. एखादा सामान्य खातेदार त्याच नावाची चिठ्ठी तेथे आदल्या दिवशी ठेवतो आणि तिच्यावर पत्ता देतो तो यंत्रावरील सर्व खात्यांच्या मूळ यादीचा. दुसऱ्या दिवशी यंत्राचा प्रशासक पॅकेज अद्ययावत करतो. आज्ञावली त्याच्या पूर्ण अधिकाराने चालते, चिठ्ठीमागे जाते आणि कच्चे टिपण समजून खात्यांच्या यादीवरच लिहिते. कोणालाही यंत्रावर प्रवेश मिळेनासा होतो. ज्याने हे घडविले त्याला त्या यादीत एक अक्षरही लिहिण्याचा अधिकार नव्हता.

नावापुढे चालू प्रक्रियेचा क्रमांक जोडला की काम भागते, असा समज दीर्घकाळ होता. पण लिनक्सवर हे क्रमांक बरीच वर्षे ३२,७६८ च्या आतच असत आणि तेवढ्या चिठ्ठ्या ठेवणे यंत्राला जड नाही. ४.३ बीएसडीतील ‘एमकेटेम्प’ हे फंक्शन क्रमांकाला एक अक्षर जोडी. म्हणजे एका प्रक्रियेला फार तर २६ निरनिराळी नावे. ‘नाव मोकळे आहे काय ते आधी पाहावे, मग फाईल उघडावी’ हा उपायही फसवा आहे, कारण पाहणे आणि उघडणे यांमधल्या निमिषात चिठ्ठी ठेवता येते.

खरा उपाय असा की, ‘नाव आधीच असेल तर नकार द्यावा’ या अटीसह फाईल एकाच क्रियेत निर्माण करण्याचे काम कार्यप्रणालीवरच सोपवावे. ‘एमकेएसटेम्प’ हे फंक्शन तेच करते. त्यात सहा अक्षरे यदृच्छेने निवडली जातात. ६२ चिन्हांतून अशी सुमारे ५,६८० कोटी नावे संभवतात. शिवाय ती फाईल मालकाखेरीज कोणाला वाचता येत नाही, हेही महत्त्वाचे. लाभार्थ्यांची नावे व बँक खात्यांचे क्रमांक असलेली तात्पुरती फाईल सर्वांना वाचता येण्याजोगी मागे राहिली, तर चिठ्ठीचीही गरज उरत नाही. शेल आज्ञावल्यांसाठी जी आज्ञा आहे तिचे नाव मात्र ‘एमकेटेम्प’ असेच आहे. फंक्शन टाळावयाचे आणि त्याच नावाची आज्ञा वापरावयाची, हा नामसाधर्म्याचा घोटाळा नवख्यांना हमखास चकवितो.

डेबियनचा अनुभव

ऑगस्ट २००८ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणाच्या पॅकेजांतील आज्ञावल्या याच दृष्टीने तपासल्या गेल्या, तेव्हा हा दोष अनेक पॅकेजांत एकाच वेळी आढळला. त्यांतील बऱ्याच दोषांना सार्वजनिक दोषसूचीत स्वतंत्र क्रमांक मिळाले. पुढे २०१२ मध्ये लिनक्सच्या ३.६ या आवृत्तीत संरक्षणाची सोय झाली. ती चालू असल्यास सामाईक फोल्डरमध्ये परक्याने ठेवलेल्या चिठ्ठीमागे कार्यप्रणाली जातच नाही. जुन्या सर्व्हरवर किंवा ही सोय बंद ठेवलेल्या यंत्रावर मात्र धोका कायम राहतो.

पुणे येथे मुख्यालय असलेल्या प्रगत संगणन विकास केंद्राची, म्हणजेच सी-डॅकची, ‘बॉस’ ही भारतीय कार्यप्रणाली डेबियनवरच आधारलेली असल्याने या दुरुस्त्यांचा संबंध आपल्याकडेही पोहोचतो. कार्यालयासाठी मुद्दाम करवून घेतलेल्या आज्ञावल्या मात्र अशा सामुदायिक तपासणीतून गेलेल्या नसतात. त्या स्वीकारताना, ‘टीएमपी’मध्ये ठरावीक नावाने फाईल उघडणाऱ्या ओळी शोधून दाखविण्यास पुरवठादारास सांगता येते. अशी ओळ सापडल्यास दुरुस्ती बहुधा दोन-तीन ओळींपलीकडे जात नाही.