शिबिर झालं, पुढे काय? (उतारवयाचं आरोग्य : लेखांक ६)

मागच्या आठवड्यात रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी बोललो. आज मांड्यांविषयी.

माधवनगरकरांना मिरज जवळ. मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी १८९४ मध्ये तिथं दवाखाना उभारला, तेव्हापासून या भागाला सवयच लागली आहे : काही झालं की मिरज गाठायची. म्हातारं माणूस न्हाणीत घसरलं, खुब्याचं हाड मोडलं, तर तिथं शस्त्रक्रियाही होते. पण घसरूच नये यासाठी माधवनगरात, बुधगावात काय करायचं? आपलं उत्तर ठरलेलं असतं : शिबिर. मांडव, रांग, दाब, साखर, चहा-बिस्किटं आणि शेवटी पाहुण्यांसोबत फोटो. लपलेला मधुमेह शिबिरात सापडतो, ते हवंच. पायातली ताकद मात्र मांडवात वाटता येत नाही.

ती येते आठवड्यामागून आठवडे केलेल्या व्यायामानं. न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठातल्या डॉक्टरांनी गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात हे मोजून दाखवलं. घोट्याला वजन बांधून पाय उचलणं, टाचांवर चालणं, तोल सांभाळणं, एवढंच. तेही घरच्या घरी. पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटलं. जपानच्या कोची शहरानं २००२ पासून हेच गल्लीत आणलं. खुर्चीवर बसून हातापायांना वजनाचे पट्टे बांधायचे, सोसेल तसं वजन वाढवायचं. वर्ग चालवतात गल्लीतलेच लोक. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, कारण बाहेरून आलेला तज्ज्ञ निघून जातो, शेजारी कुठं जाणार?

तुमचे पाय कसे आहेत ते आजच बघा. बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर घ्या आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते कुणाला तरी मोजायला सांगा. वय ७० ते ७४ असेल, तर बायकांना १० आणि पुरुषांना १२ पेक्षा कमी जमणं म्हणजे पडण्याचा धोका. गुडघा किंवा छाती दुखली, भोवळ आली, तर तिथंच थांबा. हाताचा आधार घेतल्याशिवाय उठताच येत नसेल, तर आकडा शून्य धरायचा; लाजायचं कारण नाही.

सरकारी बाजूही बघू. वयोवृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस ज्येष्ठांचा बाह्यरुग्ण विभाग असावा, असं ठरलेलं आहे. तुमच्या केंद्रात तो वार कोणता, हे जाऊन विचारा. विचारणारे आले की वारही नीट पाळला जातो.

ज्येष्ठ नागरिक संघ तर आपल्याकडे गावोगाव आहेत. वाढदिवस आणि व्याख्यानं होऊ द्यात, पण प्रत्येक बैठकीची पहिली वीस मिनिटं खुर्च्यांवरच्या व्यायामाला द्या. पट्टे नसतील तर पिशवीत वाळू भरून शिवा. माधवनगरात शिलाई येणाऱ्या हातांना तोटा नाही. पहिल्या दिवशी प्रत्येकाचा आकडा वहीत लिहा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजा.