कोड दिसला म्हणजे प्रोग्रॅम मुक्त झाला?

"अहो, त्याचा सगळा कोड नेटवर आहे आणि पैसाही लागत नाही. म्हणजे मुक्तच की!" ईमेलच्या एखाद्या प्रोग्रॅमचा विषय निघाला की हे वाक्य हटकून ऐकू येतं. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारे ते म्हणतात, ऑफिसातली मशीनं सांभाळणारे म्हणतात आणि तंत्रज्ञानावर नियमित लिहिणारेही म्हणतात. हे साफ चूक आहे, आणि ही चूक केवळ शब्दांच्या काटेकोरपणाची नाही. याच समजुतीपायी माणसं आपला वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार अशा प्रोग्रॅमच्या हवाली करतात, ज्याच्यावर त्यांचा काडीचाही अधिकार नसतो.

मुक्त सॉफ्टवेअर कशाला म्हणायचं, हे कधीच ठरलेलं आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केलं आणि १९८६ मध्ये संस्थेनं आपली व्याख्या छापली. आज ती चार मुभांच्या रूपात सांगतात. प्रोग्रॅम कोणत्याही कामासाठी चालवता यावा. तो कसा चालतो हे बघून हवा तसा बदलता यावा. त्याच्या प्रती दुसऱ्याला देता याव्यात. आणि आपण बदललेली प्रतही दुसऱ्याला देता यावी. चारही मुभा हव्यात, एक जरी गाळली तरी तो प्रोग्रॅम मुक्त नव्हे. 'फक्त अव्यावसायिक वापरासाठी' एवढं कलम परवान्यात असलं, की पहिलीच मुभा गेली. कोड दिसणं ही दुसऱ्या आणि चौथ्या मुभेसाठी लागणारी पूर्वअट आहे, ती पुरी झाली म्हणून मुभा मिळाली असं होत नाही. आणि किंमत? व्याख्येत तिची अटच नाही.

लोक विसरतात ती चौथी मुभा. ती नसली तर काय होतं, हे पाहायला पाइनइतकं चांगलं उदाहरण नाही.

सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये १९८९ साली पाइन या ईमेल प्रोग्रॅमचं काम सुरू झालं. काळा पडदा, त्यावर अक्षरांचा साधा मेनू आणि तळाशी दोन ओळींत कोणती कळ दाबली की काय होईल याची यादी. माउसची गरज नाही, पाठांतराची गरज नाही. विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा स्वस्तातलं 'शेल' खातं घेणाऱ्यांच्या वाट्याला असाच अक्षरांचा पडदा येई. त्या काळात मुंबईत मोडेमची घरघर ऐकत पत्रं वाचलेल्या वाचकांना पाइन आठवत असेल.

पाइन फुकट होतं. त्याचा सोर्स कोड कुणीही उतरवून घ्यावा अशी सोय होती. सुरुवातीच्या आवृत्त्यांच्या परवान्यात प्रती करायला, बदल करायला आणि वाटायला परवानगी असल्याचं लिहिलेलं होतं. हे वाचून कुणालाही वाटेल की प्रश्न मिटला. पुढे मात्र विद्यापीठानं त्याच वाक्याचा वेगळा अर्थ लावला. बदल करायला परवानगी आहे, वाटायलाही आहे, पण बदल करून वाटायला परवानगी आहे असं आम्ही म्हटलेलंच नाही, ही त्यांची भूमिका. माझा यावर विश्वास बसत नव्हता, पण फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननं वेगवेगळ्या परवान्यांवर जी टिपणं ठेवली आहेत, त्यांत ही हकिकत स्पष्ट नोंदलेली आहे. नंतरच्या पाइनचा परवाना तिथे अमुक्त परवान्यांमध्येच गणला आहे.

याचा त्रास कुणाला झाला? लिनक्सची डेबियन ही आवृत्ती स्वयंसेवक तयार करतात. कोणता प्रोग्रॅम मुक्त मानायचा याची तत्त्वं त्यांनी १९९७ मध्ये लिहून काढली. पाइन डेबियनवर नीट बसवायचं तर त्यात थोडेफार बदल करावे लागत. ते बदल करून तयार प्रोग्रॅम लोकांना द्यायला बंदी, म्हणून डेबियननं मूळ कोड एका पॅकेजात ठेवला आणि बदल दुसऱ्या. वापरणाऱ्यानं दोन्ही उतरवून घ्यायचे, एकत्र करायचे आणि आपल्या मशीनवर स्वतः कंपाइल करायचे. ज्याला फक्त पत्र वाचायचं होतं, त्याच्या गळ्यात हे सगळं काम पडलं. बदल तयार होते, ते करणारे हुशार लोक मोफत राबायला तयार होते, कोडही समोर होता. नव्हती ती फक्त चौथी मुभा.

पाइनमध्ये पत्र लिहिण्यासाठी पिको नावाचा छोटा एडिटर होता आणि त्याच्यावरही तीच बंधनं होती. ख्रिस अलेग्रेटा या तरुणानं १९९९ मध्ये पिकोसारखाच दिसणारा, पिकोसारखाच चालणारा, पण खरोखर मुक्त असा एडिटर लिहायला घेतला. तो म्हणजे नॅनो. २००१ मध्ये तो ग्नू प्रकल्पात सामील झाला. आज कॉलेजातली मुलं लिनक्सच्या टर्मिनलवर पहिली फाइल बहुधा नॅनोतच उघडतात, आणि तळाशी त्याच दोन ओळी दिसतात. दिसायला जवळपास सारखे असे दोन एडिटर जगात असण्याचं कारण एक परवाना आहे. खुद्द विद्यापीठालाही अखेर वाट बदलावी लागली. पाइनचा उत्तराधिकारी अल्पाइन २००७ मध्ये आला तो अपाची परवान्याखाली, म्हणजे पूर्ण मुक्त.

पाइन एकटं नव्हतं. डॅनियल बर्नस्टाइन यांचा क्यूमेल हा ईमेल सर्व्हर जगभर वापरात होता आणि त्याचा कोड सगळ्यांसमोर होता, पण बदललेली प्रत वाटायला मनाई होती. त्यामुळे सुधारणा सुट्या तुकड्यांत फिरत राहिल्या आणि प्रत्येक व्यवस्थापकानं त्या आपल्या हातानं जोडल्या. २००७ मध्ये बर्नस्टाइन यांनी तो सार्वजनिक मालकीचा केला, तेव्हा कुठे हा प्रकार थांबला.

एवढं सांगितल्यावर ठरलेला प्रश्न येतो. "मला प्रोग्रॅमिंग येतच नाही, मग या मुभांचा मला काय उपयोग?" चौथी मुभा नेमकी तुमच्याचसाठी आहे. ज्याला येतं त्यानं केलेली दुरुस्ती तुमच्यापर्यंत पोचते ती तिच्यामुळे.

युडोराचं काय झालं ते बघा. स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ मध्ये इलिनॉय विद्यापीठात लिहिलेला हा प्रोग्रॅम पुढे क्वालकॉम कंपनीकडे गेला आणि नव्वदच्या दशकात फार लोकप्रिय झाला. त्याची फुकट आवृत्तीही मिळायची. २००६ मध्ये कंपनीनं त्यावरचं काम थांबवलं. वापरणाऱ्यांमध्ये निष्णात प्रोग्रॅमर कमी नव्हते, पण कोड कुलपात होता. कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमनं कंपनीशी वाटाघाटी करून तो बीएसडी परवान्याखाली खुला केला २०१८ मध्ये. म्हणजे बारा वर्षांनी, आणि एका संग्रहालयानं. तोवर माणसं केव्हाच दुसरीकडे गेली होती.

आता थंडरबर्ड हा ईमेल प्रोग्रॅम. तो बनवणाऱ्या मोझिलानं २०१२ मध्ये जाहीर केलं की यापुढे थंडरबर्डमध्ये नवं काही करण्यावर आपण भर देणार नाही. युडोरासारखीच वेळ आली होती. पण कोड मोझिला परवान्याखाली होता, तो घेऊन पुढे जायला कुणाची ना नव्हती. स्वयंसेवकांनी काम चालू ठेवलं, देणग्या येत राहिल्या, २०२० मध्ये त्यासाठी मोझिला फाउंडेशनच्या छत्राखाली वेगळी कंपनी झाली. २०२२ मध्ये अँड्रॉइडवरचा के-नाइन मेल हा मुक्त प्रोग्रॅम त्यांना येऊन मिळाला आणि २०२४ मध्ये त्यातूनच फोनवरचं थंडरबर्ड आलं. मालकाचं लक्ष उडालं तरी प्रोग्रॅम जगला. मला मुक्त सॉफ्टवेअरचा आग्रह धरावासा वाटतो तो यासाठी.

आपल्या भाषेलाही याचा थेट फायदा झाला आहे. लिनक्सवरच्या एव्होल्यूशन या ईमेल प्रोग्रॅमचा कोड उघडला तर त्यात अनुवादांचं एक फोल्डर आहे आणि तिथे मराठीची फाइल आहे. एका ओळीत मूळ इंग्रजी मजकूर, त्याच्याखाली मराठी, अशा ओळीमागून ओळी. मराठीला बाजारपेठ आहे की नाही याचा हिशोब कुठल्या कंपनीनं मांडेपर्यंत कुणाला थांबावं लागलं नाही.

आता बाकीचे समज. जीमेल फुकट आहे, मुक्त नाही: त्याचा प्रोग्रॅम गुगलच्या मशीनवर चालतो आणि ब्राउझरमध्ये उतरणारा भागही बदलून वाटायची तुम्हाला मुभा नाही. विंडोजसोबत येणारं नवं आउटलुकही फुकटच आहे. त्यात दुसऱ्या कंपनीचं खातं जोडलं की तुमच्या ईमेलची, कॅलेंडरची आणि संपर्कांची प्रत मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर जाते. हे मी म्हणत नाही, कंपनीच्याच मदतपानांवर लिहिलं आहे. २०२३ मध्ये जर्मनीत यावर बराच गदारोळ झाला. मुक्त प्रोग्रॅममध्ये असं काही घुसवलं तर ते काढून टाकलेली आवृत्ती कुणीतरी लोकांना देऊ शकतो. आउटलुकबाबत तो दरवाजाच बंद आहे.

मुक्त सॉफ्टवेअर विकता येत नाही, हा आणखी एक समज. स्टॉलमन स्वतः १९८५ मध्ये ईमॅक्सची टेप १५० डॉलरला विकत होते. फेअरईमेल हा अँड्रॉइडवरचा ईमेल प्रोग्रॅम जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे आणि त्यातल्या काही सोयींसाठी पैसे मोजावे लागतात. यात विसंगती काहीच नाही.

मुक्त म्हणजे बेवारस, असंही काहींना वाटतं. कॉपीराइट लेखकाचाच राहतो, त्याच्याच जोरावर परवाना लागू होतो. नाव आणि बोधचिन्ह यांचे हक्क तर आणखी वेगळे: मोझिलाशी याच मुद्द्यावर न पटल्यामुळे डेबियन बरीच वर्षं, २०१७ पर्यंत, थंडरबर्ड 'आइसडव्ह' या नावानं देत असे.

मुक्त म्हणजे सुरक्षित, हा आमच्याच बाजूच्या लोकांनी पसरवलेला समज आहे आणि तो मला जास्त खटकतो. मे २०१८ मध्ये उघड झालेल्या 'ईफेल' या त्रुटींमुळे कूटबद्ध ईमेलचा मजकूर फुटू शकत होता, आणि त्यांचा फटका बसणाऱ्या प्रोग्रॅमांत आउटलुक आणि ॲपल मेल यांच्यासोबत थंडरबर्डही होतं. मुक्त असल्यानं दोष शोधायचा आणि दुरुस्त करायचा हक्क सगळ्यांना मिळतो, दोष नसल्याची हमी मिळत नाही.

स्वदेशी म्हणजे मुक्त, हे अलीकडचं. केंद्र सरकारच्या सुमारे बारा लाख कर्मचाऱ्यांची ईमेल झोहोच्या यंत्रणेवर गेल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या, आणि तेव्हापासून हा समज जोरात आहे. झोहो भारतीय कंपनी आहे, तिचं मुख्यालय तमिळनाडूत आहे आणि तिचा मेल प्रोग्रॅम मालकीहक्काचा, बंदिस्त आहे. विदा कोणत्या देशात राहावी हा रास्त प्रश्न आहे. पण त्याचं उत्तर मिळालं म्हणून वरच्या चार मुभांचं उत्तर मिळत नाही. सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य द्यायचं धोरण केंद्रानं २०१५ मध्येच जाहीर केलं होतं, त्याची आठवण मात्र या चर्चेत फारशी कुणी काढली नाही.

आणि शेवटचा समज: थंडरबर्ड टाकलं की आपली ईमेल मुक्त झाली. तसं होत नाही. तुमच्या मशीनवरचा प्रोग्रॅम मुक्त झाला, पत्रं अजून त्याच कंपनीच्या सर्व्हरवर आहेत. पण आयमॅप हा पत्रं हाताळायचा खुला नियम दोन्हीकडे चालतो. मार्क क्रिस्पिन यांनी तो १९८६ मध्ये स्टॅनफर्डमध्ये तयार केला होता. त्यामुळे थंडरबर्डमध्ये जुनं आणि नवं अशी दोन्ही खाती जोडून जुन्या खात्यातली पत्रं नव्या खात्याच्या फोल्डरमध्ये ओढून टाकता येतात. पत्रं बरीच असतील तर एका दमात सगळी हलवू नका, वर्षवार हलवा, आणि नव्या जागी सगळी आल्याची खात्री होईपर्यंत जुन्या खात्यातलं काही पुसू नका.